‘ख्रिस्तानं मोकळं केलं’ आणि ‘दासांनो, आज्ञेत राहा’, दोन्ही एकाच पुस्तकात कसं?

उघडी_खिडकी

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचा एक छोटा गट आहे, आठवड्यातून एकदा बसतो आणि बायबलमधली पौलाची (सुरुवातीच्या काळातला प्रेषित) पत्रं एकामागून एक वाचतो. गलतीकरांस पत्र वाचलं तेव्हा सगळे एकदम भारावलेले. तिसऱ्या अध्यायात दास आणि स्वतंत्र असा भेदच नाही, ख्रिस्तात सगळे एक, आणि पाचव्याच्या सुरुवातीला ख्रिस्तानं आपल्याला स्वातंत्र्यासाठी मोकळं केलंय, परत गुलामीच्या जोखडात मान घालू नका. एका मुलानं ते वचन वहीत तीनदा लिहिलं.

मग इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय आला, दासांनो आपल्या धन्यांची आज्ञा पाळा, तेही भीत कापत. खरं सांगते, आम्ही तिथून घाईघाईनं पुढे गेलो. कुणीच काही बोललं नाही. पण गेल्या आठवड्यात कलस्सैकरांस पत्रात परत तेच आलं, तिसरा अध्याय बाविसावं वचन, आणि आमच्यातली एकोणीस वर्षांची मुलगी म्हणाली, ताई, हे त्याच माणसानं लिहिलंय का? मग गलतीमधलं स्वातंत्र्य कुणासाठी होतं?

मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं ते आध्यात्मिक स्वातंत्र्य आहे गं. ती म्हणाली म्हणजे पाठीवर चाबूक चालूच, फक्त मन मोकळं? मी गप्प.

म्हणून विचारतेय. ख्रिस्ती शिकवणीत स्वातंत्र्य म्हणजे नक्की काय? आणि प्लीज ‘तो काळ वेगळा होता’ एवढंच लिहू नका, ते मी तिला सांगून बघितलंय, तिला पटलं नाही आणि आता मलाही पटत नाहीये.

---

जुने_पान

ताई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या, प्रश्न अगदी बरोबर ठिकाणी विचारलाय तिनं.

आधी शब्दाचं बोलू. मूळ ग्रीक शब्द आहे दूलॉस. मराठीत त्याचं दास होतं. आता दास म्हटलं की मराठी कानाला भक्ती ऐकू येते, देवाचा दास, संतांचा दास, आपण तो शब्द नावाला लावतो आणि अभिमानानं मिरवतो. पौलाचं पत्र ऐकणाऱ्यांना दूलॉस म्हटल्यावर बाजार दिसायचा. युद्धात धरून आणलेली माणसं, टाकून दिलेली आणि कुणीतरी उचलून वाढवलेली बाळं, आणि गुलाम बाईच्या पोटी आली म्हणून जन्मतःच दुसऱ्याच्या मालकीची झालेली मुलं. त्यांचं लग्न कायद्यानं लग्न नाही, शरीर स्वतःचं नाही. रोमकरांस पत्राची सुरुवात उघडा आणि ‘येशू ख्रिस्ताचा दास पौल’ याच्या जागी ‘येशू ख्रिस्ताचा गुलाम पौल’ असं वाचून बघा. अंगावर काटा येतो. तो काटा पहिल्या ऐकणाऱ्यांना येत होता, आपल्याला येत नाही.

दुसरं, फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय. ख्रिस्तानं स्वतःला रिकामं केलं आणि दूलॉसचं रूप घेतलं, मरणापर्यंत, तेही क्रुसावरच्या. क्रूस रोमन जगात मुख्यतः गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखून ठेवलेला होता. इसवी सनापूर्वी ७१ मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडलं तेव्हा सुमारे ६,००० बंडखोर गुलामांना रोमकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं क्रुसावर टांगलं होतं. आणि पुढे ज्याची उपासना करायची तो गुलामाच्या मरणानं मेला असं ही मंडळी उघड सांगत होती. एखाद्या धन्यासाठी हे पचवणं किती कठीण असेल विचार करा, घरातला नोकर ज्या मरणाला भितो त्याच मरणानं आपला प्रभू गेला.

आता तुमचं कलस्सै. तिसऱ्या अध्यायावर थांबू नका, चौथ्या अध्यायाचं नववं वचन बघा. पत्र घेऊन तुखिक येतोय आणि त्याच्याबरोबर अनेसिम, ‘विश्वासू आणि प्रिय बंधू, तो तुमच्यातलाच आहे’. हा अनेसिम कोण? फिलेमोनाचा गुलाम! त्याच्याचबद्दल पौलानं तुरुंगातून फिलेमोनाला वेगळं पत्र लिहिलं, की हा आता गुलाम म्हणून नाही, गुलामापेक्षा वरचा, प्रिय भाऊ म्हणून परत घे, माझंच काळीज पाठवतोय असं समज, त्यानं काही बुडवलं असेल तर माझ्या खात्यावर लाव, मी फेडीन, हे मी माझ्या हातानं लिहितोय. शिवाय ते पत्र एकट्या फिलेमोनाच्या नावे नाही, त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीच्याही, म्हणजे चर्चच्याही, नावे आहे, म्हणजे हे सगळ्यांसमोर वाचलं जाणार होतं. म्हणजे कलस्सैच्या मंडळीत ‘दासांनो आज्ञेत राहा’ हे वाक्य वाचलं जात होतं तेव्हा तो पळालेला म्हणा, निघून गेलेला म्हणा, गुलाम त्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता आणि पत्र त्याला भाऊ म्हणत होतं. आणि लगेच पुढच्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात धन्यांना सांगितलंय की न्यायानं आणि समतेनं वागा, कारण तुमच्याही डोक्यावर धनी आहे.

(कलस्सै आणि इफिस ही पत्रं स्वतः पौलाची की त्याच्या शिष्यांची यावर अभ्यासकांत वाद आहे हे मला माहितीये. फिलेमोन आणि गलती मात्र पौलाचीच, यावर जवळपास सगळे एकमत आहेत.)

माझं मत असं की पौलानं गुलामगिरीच्या आत सुरुंग पेरला. तो लगेच फुटला नाही एवढंच.

---

स्पष्ट_बोलतो

दादा, तुमचं लिहिणं मनापासून आवडतं पण सुरुंगाची गोष्ट मला पटत नाही, कारण तो सुरुंग फुटायला १,८०० वर्षं लागली आणि तेवढ्या वर्षांत किती माणसं जन्मली आणि विकली गेली याचा हिशोब कोण देणार.

मी श्रद्धावान आहे, टिंगल करायला आलो नाहीये, पण जे लिहिलंय ते लिहिलंय. लेवीय २५ मध्ये योबेल वर्षात (दर पन्नासावं वर्ष) स्वजनांना सोडा म्हटलंय, ते आपण उत्साहानं सांगतो, पण त्याच अध्यायात चव्वेचाळीस ते सेहेचाळीस वचनांत परक्या लोकांमधून गुलाम विकत घ्या, ते मुलांना वारसा म्हणून द्या असंही आहे. ते उपदेशात कधी ऐकलंय कुणी? पेत्राचं पहिलं पत्र दुसरा अध्याय तर सांगतो की चांगल्याच नाही, क्रूर धन्याच्याही अधीन राहा.

आणि काळ वेगळा होता हे मलाही मान्य नाही, त्याचं कारण बाहेरचं नाही, मंडळीच्या आतलंच आहे. चौथ्या शतकात, सुमारे ३८० च्या आसपास, निस्सा गावचा बिशप ग्रेगरी जुन्या करारातल्या उपदेशकाच्या पुस्तकावर प्रवचन देत होता. त्यात ‘मी दासदासी विकत घेतल्या’ हे वाक्य आलं आणि तो माणूस पेटला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की तू माणूस विकत घेतलास? मग सांग किंमत काय दिलीस? देवाच्या प्रतिमेला किती नाणी मोजलीस? जो सगळ्या पृथ्वीचा मालक म्हणून घडवला त्याच्या विक्रीची पावती लिहायची तर त्यात सगळी पृथ्वी पण लिहावी लागेल. आणि देव स्वतः माणसाला परत गुलाम करत नाही तर तू कोण?

हे त्याच काळात, त्याच पवित्र शास्त्रातून, एका बिशपनं म्हटलं. म्हणजे दिसू शकत होतं. ज्यांना दिसलं नाही त्यांनी बघितलं नाही. त्याच्या आधी काही वर्षं गंग्रा इथे जमलेल्या बिशपांच्या सभेनं तर ठराव केला की भक्तीच्या नावाखाली जो कुणी गुलामाला धन्याला तुच्छ मानायला, सेवा सोडून जायला शिकवेल तो शापित. आणि पुढे १४५२ मध्ये पोप निकोलस पाचवा यांनी पोर्तुगालच्या राजाला लेखी परवानगी दिली, मुसलमान आणि मूर्तिपूजकांना जिंकून कायमचं गुलाम करायची. लेखी!

अजून एक गोष्ट मला सोडत नाही. प्रेषितांची कृत्ये सोळावा अध्याय. फिलिप्पैमध्ये एक गुलाम मुलगी आहे, तिच्यात भविष्य सांगणारा आत्मा आहे आणि धनी तिच्यावर कमाई करताहेत. पौल आत्मा काढतो. धन्यांची कमाई बुडते, ते पौलाला कोर्टात खेचतात, मग तुरुंग, भूकंप, तुरुंगाधिकाऱ्याचा बाप्तिस्मा, सगळं सविस्तर आहे. त्या मुलीचं पुढे काय झालं? एक ओळ नाही. आता ती धन्याच्या काहीच उपयोगाची राहिली नव्हती. मला रात्री ती मुलगी आठवते.

---

उघडी_खिडकी

तुम्ही दोघांनी एवढं लिहिलंत, खूप आभार. अनेसिम स्वतः पत्राबरोबर आला होता हे मला खरंच माहीत नव्हतं, इतक्या वेळा वाचूनही कधी जोडलं नाही. आणि त्या मुलीचं वाचून मी पाच मिनिटं फोन खाली ठेवला.

पण माझा प्रश्न अजून तसाच आहे. समजा पौलाच्या मनात चांगलंच होतं. मग ‘मन मोकळं, शरीर गुलाम’ ही विभागणी आली कुठून? आणि ती चूक आहे की शिकवणच तशी आहे?

---

सांजवारा

ताई तुमच्या या दुसऱ्या प्रश्नावर मी बरीच वर्षं वाचत आलोय म्हणून जरा लांब लिहितो.

ही विभागणी आपोआप नाही आली, ती कायद्यानं करावी लागली आणि त्याची तारीख आहे. १६६७ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीच्या विधानसभेनं कायदा केला की गुलामाचा बाप्तिस्मा झाला तरी त्याच्या गुलाम असण्यात किंवा स्वतंत्र असण्यात काही फरक पडणार नाही. आता विचार करा की असा कायदा लागतो कधी? लोकांना उलट वाटत असेल तेव्हाच ना! मालकांना भीती होती की याला बाप्तिस्मा दिला तर हा मोकळा होईल, म्हणून ते बाप्तिस्मा द्यायलाच टाळत होते, आणि कायदा स्पष्ट म्हणतो की आता ही शंका मिटली, मालकांनी ख्रिस्ती धर्माचा प्रसार निर्धास्तपणे करावा. म्हणजे गलती तीन अठ्ठावीसचा सरळ अर्थ काय होतो हे मालकांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी त्या अर्थाला कायद्याचं कुंपण घातलं आणि कुंपणाच्या आत जे उरलं त्याला आध्यात्मिक स्वातंत्र्य नाव दिलं.

दुसरा पुरावा याहून उघड. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी म्हणून पवित्र शास्त्राचे निवडक भाग छापले. जुन्या करारातला सुमारे ९० टक्के आणि नव्या करारातला जवळपास निम्मा भाग गायब. इस्राएल लोक मिसरातून सुटून जातात ती गोष्टच नाही. गलतीमधलं ‘दास नाही स्वतंत्र नाही’ नाही. इफिसमधलं ‘दासांनो आज्ञा पाळा’ मात्र आहे. आता हे पुस्तक गुलामगिरीच्या बाजूचंच होतं म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो, मग ते एवढं कापावं का लागलं? आणि हे पुस्तक शुद्ध स्वातंत्र्याचंच होतं म्हणणाऱ्यालाही विचारतो, मग कापल्यावर जे उरलं ते त्यातच कसं होतं? स्पष्ट दादा बरोबर आहेत, ती वचनं कुणी बाहेरून आणून घातली नाहीत.

फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामीतून पळून मोकळा झाला, त्यानं १८४५ मध्ये आपल्या आत्मकथेत लिहिलंय की त्याचा मालक भक्तिसभेत जाऊन धार्मिक झाला आणि त्यानंतर जास्त क्रूर झाला, एका अपंग तरुणीला बांधून उघड्या खांद्यांवर चाबकाचे फटके मारायचा आणि वर लूकच्या शुभवर्तमानातलं वचन म्हणायचा, धन्याची इच्छा ठाऊक असून जो ती करत नाही त्याला पुष्कळ फटके बसतील. येशूचा दाखला! तोच डग्लस शेवटी वेगळं प्रकरण जोडून सांगतो की ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म मला प्रिय आहे आणि म्हणूनच या देशातल्या गुलाम बाळगणाऱ्या धर्माचा मला तिटकारा आहे.

आता मुद्द्याचं. माझ्या मते पौल ज्याला स्वातंत्र्य म्हणतो ते ‘माझा कुणीच मालक नाही’ असं नाहीच. आपण आजचा अर्थ घेऊन वाचतो म्हणून घोळ होतो. त्याचं म्हणणं मालक बदललाय असं आहे. रोमकरांस सहावा अध्याय सगळा तेच आहे, पापाचे गुलाम होतात आता देवाचे झालात. आणि करिंथकरांस पहिल्या पत्रात सातव्या अध्यायात तो अगदी बाजाराच्या भाषेत बोलतो, तुमची किंमत भरलीये, तुम्हाला विकत घेतलंय, म्हणून माणसांचे गुलाम होऊ नका. हे ‘म्हणून’ महत्त्वाचं आहे. हेच वाक्य मालकाच्या तोंडी गेलं की होतं, तुझा खरा धनी स्वर्गात आहे, मग इथल्या चाबकाचं एवढं काय मनाला लावून घेतोस. आणि गुलामाच्या तोंडी आलं की होतं, माझी किंमत भरून झालीये, तुझी पावती खोटी आहे.

हे माझं शब्दांशी खेळणं नाहीये, हे प्रत्यक्ष घडलंय. जमैकामध्ये सॅम शार्प नावाचा गुलाम होता, बाप्टिस्ट पंथाच्या मंडळीत डीकन (मंडळीचा एक पदाधिकारी), वाचता येत होतं. तो रात्रीच्या प्रार्थनासभांमधून एकच वचन सांगत फिरायचा, मत्तय सहा चोवीस, कुणीही दोन धन्यांची चाकरी करू शकत नाही. आपण ते वचन पैशावरच्या उपदेशात ऐकतो. गुलामांनी ते शब्दशः ऐकलं! दोन धनी शक्य नाहीत, एक प्रभू आहे, मग हा मळेवाला माझा धनी नाही. १८३१ च्या नाताळानंतर हजारो गुलामांनी ठरवलं, मजुरी द्या नाहीतर काम नाही. शार्पच्या डोक्यात संप होता, पण मळे पेटले, सैन्य आलं, आणि नंतर तीनशेहून जास्त लोकांना मृत्युदंड झाला. शार्पला मे १८३२ मध्ये फाशी दिली. गुलामीत जगण्यापेक्षा त्या फासावर मरेन असं त्यानं भेटायला आलेल्या मिशनऱ्याला सांगितल्याची नोंद आहे. पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, ब्रिटिश संसदेनं गुलामगिरी रद्द करायचा कायदा केला. त्यात खासदार विल्बरफोर्स आणि क्वेकर पंथाच्या लोकांचं काम मोठं आहेच, पण आपण त्यांची नावं घेतो आणि शार्पला विसरतो. त्या कायद्यात दोन कोटी पौंड भरपाई ठरली आणि ती मालकांना मिळाली. गुलामांना एक पैसा नाही, वर ‘शिकाऊ’ म्हणून १८३८ पर्यंत राबवलं. भरपाई घेणाऱ्यांत इंग्लंडच्या चर्चची मिशनरी संस्थाही होती, बार्बाडोसमध्ये तिचे ऊसमळे होते आणि तिथल्या गुलामांच्या छातीवर एकेकाळी संस्थेच्या नावाचा डाग दिला जायचा. २००६ मध्ये चर्चच्या धर्मसभेनं त्याबद्दल माफी मागितली.

तेव्हा ताई, विभागणी शिकवणीत आहे का? बीज आहे, नाही म्हणणार नाही. पण ती वापरण्याजोगी केली मालकांनी, आणि ती नाकारली ती आधी गुलामांनी, तेच पुस्तक हातात घेऊन.

---

ओंजळभर

मी अभ्यासक नाही, दोन गोष्टी फक्त मनातल्या लिहिते.

पहिली. ‘आध्यात्मिक स्वातंत्र्य’ ही काही फालतू गोष्ट नाहीये हो, इथे वाचताना असं वाटायला लागलं म्हणून लिहितेय. माझा भाऊ अकरा वर्षं दारूत होता. योहानाच्या आठव्या अध्यायात येशू म्हणतो सत्य तुम्हाला मोकळं करेल, तर लोक लगेच म्हणतात आम्ही अब्राहामाची मुलं, आम्ही कधी कुणाचे गुलाम नव्हतो. रोमन सैन्य दारात उभं आहे, मागे मिसर आहे बाबेल आहे, आणि म्हणे कधीच गुलाम नव्हतो! माझा भाऊ हेच म्हणायचा, मी कुठे गुलाम आहे, मला पाहिजे तेव्हा सोडेन. ज्या दिवशी तो म्हणाला की नाही गं, मी सुटू शकत नाहीये, तो दिवस सुटकेचा पहिला दिवस होता. आज सहा वर्षं झाली. पाप करणारा पापाचा गुलाम आहे हे वाचून त्याला अपमान वाटला नाही, त्याला वाटलं कुणाला तरी माझी अवस्था नीट माहितीये. म्हणून ते स्वातंत्र्य खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरी. माझ्या बहिणीचा नवरा तिच्यावर हात उचलायचा. ती एका वडीलधाऱ्या माणसाकडे गेली, मंडळीतला मान असलेला माणूस, आणि त्यानं तिला पेत्राचं पहिलं पत्र वाचून दाखवलं. क्रूर धन्याच्याही अधीन राहा, ख्रिस्तानंही सोसलं, आणि लगेच तिसऱ्या अध्यायाचं पहिलं वचन, तसंच स्त्रियांनो तुम्हीही. ती चार वर्षं सोसत राहिली. त्या चार वर्षांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

नंतर मला कळलं की स्पष्ट दादांनी लिहिलंय त्याच फिलिप्पैच्या अध्यायात पुढे काय आहे. पौलाला फटके मारले, सकाळी अधिकारी म्हणाले गुपचूप जा, आणि पौल म्हणाला, मुळीच नाही! आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारलं, आता त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले, विनवण्या केल्या. म्हणजे ज्याला हक्क होता त्यानं तो वापरला. ‘सोस’ हे ज्याच्याजवळ दुसरा रस्ताच नव्हता त्याला सांगितलेलं धीराचं वाक्य होतं. माझ्या बहिणीजवळ रस्ता होता, आणि त्या माणसानं तेच वाक्य घेऊन तो अडवला. ती आता सुखरूप आहे, वेगळी राहते.

---

स्पष्ट_बोलतो

ओंजळभर ताई, तुमचं वाचून मला माझंच वाक्य बदलावंसं वाटतंय. मी पेत्राच्या वचनावर चिडलो होतो. खरा राग ते वचन कुणी कुणाला वाचून दाखवलं यावर असायला हवा. वचनाचा प्रश्न तरी राहतोच माझ्यासाठी, पण हे वेगळं आहे.

---

जुने_पान

मीही थोडं मागे घेतो. सुरुंग वगैरे म्हणून मी पौलाला फारच सहज सोडवलं. त्यानं फिलेमोनाला ‘याला मोकळं कर’ असं सरळ शब्दांत लिहिलेलं नाही हे खरं आहे. ‘मी म्हणतोय त्याहून जास्त तू करशील’ एवढंच म्हणतो. आणि करिंथमधलं सात एकवीस तर मूळ ग्रीकमध्येच अर्धवट आहे. तू गुलाम असताना बोलावला गेलास, काळजी करू नको, पण मोकळं होता येत असेल तर ‘त्याचा उपयोग करून घे’. कशाचा? संधीचा, की गुलामीचा? वाक्यात लिहिलेलंच नाही. जुन्या काळी क्रिसोस्तोमसारख्या मोठ्या उपदेशकानं ‘गुलामीतच राहा’ असा अर्थ लावला, आज बहुतेक भाषांतरं ‘संधी घे’ असा लावतात. एका न लिहिलेल्या शब्दावर किती जणांचं आयुष्य लटकलं असेल.

पण सुरुवातीच्या मंडळीबद्दल दोन गोष्टी ताईंनी त्या मुलीला जरूर सांगाव्यात. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीनं करिंथला लिहिलेल्या पत्रात सहज जाता जाता म्हटलंय की आमच्यातल्या अनेकांनी दुसऱ्यांना सोडवण्यासाठी स्वतःला बेड्यांत घातलं, अनेकांनी तर स्वतःला गुलाम म्हणून विकून त्या पैशांत दुसऱ्यांना जेवू घातलं. ‘खंडणी भरून सोडवलं’ हा आपण गाण्यात म्हणतो तो शब्द त्यांच्यासाठी हिशोबाचा होता, खरे पैसे मोजले जात होते. आणि दुसरी, सुमारे ११२ साली प्लिनी नावाच्या रोमन अधिकाऱ्यानं सम्राट ट्रेजनला कळवलं की ख्रिस्ती लोकांचं खरं काय ते काढण्यासाठी मी दोन दासींचा छळ केला, ज्यांना त्यांच्यात सेविका म्हणतात. सेविका म्हणजे मंडळीत जबाबदारीचं पद असलेल्या बायका. बाहेरच्या जगात त्यांची साक्ष घ्यायची तर आधी छळ करायचा ही पद्धत होती, आणि मंडळीत त्याच दोघी पदावर होत्या. त्यांची नावं प्लिनीनं लिहिली नाहीत.

---

उघडी_खिडकी

सगळं दोनदा वाचलं.

मी तिला परवा फोन केला. म्हटलं मी तुला ‘ते आध्यात्मिक आहे’ म्हणाले ते मला स्वतःलाच नीट कळलेलं नव्हतं, विषय संपवायला म्हणाले. ती म्हणाली हो ताई, कळलं होतं मला. 🙂

या आठवड्यात आम्ही कलस्सैचा तिसरा अध्याय परत घेतोय, चौथ्याच्या नवव्या वचनापर्यंत सलग, आणि त्याला लागून फिलेमोन. अनेसिम समोर उभा आहे असं धरून वाचायचं ठरवलंय, आणि दासांचा भाग मी वाचणार नाहीये, तीच वाचणार आहे. सॅम शार्पचंही सांगणार. ओंजळभर ताई, तुमच्या बहिणीची गोष्ट नाव न घेता सांगितली तर चालेल का? आमच्या गटात एक जण आहे जिनं ती ऐकायला हवी असं मला वाटतं. आणि जुने पान दादा, फिलेमोन एका बैठकीत पूर्ण होईल ना?

---

ओंजळभर

हो, सांगा. तिला विचारलं मी आत्ताच, ती म्हणाली सांग म्हणावं, आणि चार वर्षं लागली तेही सांग.

---

जुने_पान

आरामात होईल. २५ वचनं आहेत, मोठ्यानं वाचलंत तरी पाच मिनिटांच्या आत. सोळाव्या वचनावर थांबा थोडं.